चालणाऱ्यांना सावली हवी

ज्येष्ठ जवळ आला की गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद हटकून पेटतो. पालखी मार्ग चौपदरी केला ते बरं झालं की वाईट? एक बाजू म्हणते, वाहतुकीची कोंडी सुटली, वारकऱ्यांना कडेनं वेगळी वाट मिळाली, आणखी काय हवं? दुसरी बाजू तोडलेल्या झाडांचे जुने फोटो टाकते. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं, 'तू युरोपात असतोस, तिकडची शिस्त सांग यांना.' मी पोर्तुगालमध्ये, लिस्बनला राहतो आणि इथल्या फातिमाच्या पायी यात्रेत गटाबरोबर चालतो. त्यामुळे शिस्तीपेक्षा रस्त्याबद्दलच मला जास्त बोलायचं आहे.

13 मे 1917 ला फातिमा गावाजवळ मेंढ्या राखणाऱ्या तीन मुलांना मेरीमातेनं दर्शन दिलं, अशी इथली श्रद्धा आहे. त्या दिवसासाठी दर मे महिन्यात देशभरातून हजारो लोक गटागटानं पायी निघतात. लिस्बनहून फातिमाची वाट साधारण 140 किलोमीटर आहे. ती मुख्य रस्ता टाळून ताग्युस नदीच्या काठानं, शेतांमधून जाते, आणि ठिकठिकाणी निळे बाण रंगवलेले असतात. शेजारी पिवळा बाण दिसला तर तो स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूंसाठी. सांतारें शहरापर्यंत दोन्ही वाटा एकच आहेत.

या वाटेवरचा आझाम्बुजा ते सांतारें हा सुमारे 32 किलोमीटरचा टप्पा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. अंधारातच आम्ही रेल्वेवरचा पूल ओलांडून निघालो. प्रत्येकाच्या अंगात चमकणारं जाकीट, पुढे वाट माहीत असलेला गटप्रमुख, सामान मागच्या गाडीत. थोड्याच वेळात जपमाळेची प्रार्थना सुरू झाली. एकानं अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी पुरी करायची. पावलं त्या लयीत आपोआप पडायला लागतात. हरिपाठ म्हणत चाललेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

वालादा हे गाव नदीच्या बांधाला चिकटून आहे. पुराचं पाणी अडवायला घातलेला हा बांध, एका अंगाला ताग्युस आणि दुसऱ्या अंगाला सपाट, काळीभोर जमीन. मे महिन्यात तिथे टोमॅटोची रोपं नुकतीच लावलेली असतात, सरळ ओळींत, ठिबकच्या नळ्यांसकट. शेतात वाकून काम करणाऱ्यांपैकी काहींनी आम्हाला बघून हात केला. हाक पंजाबीत आली, आणि आमच्यातले पोर्तुगीज लोक नवलानं माझ्याकडे बघायला लागले. इथल्या शेतीचा मोठा भार आज पंजाबी, नेपाळी आणि बांगलादेशी मजुरांवर आहे. यात्रा त्यांच्या बांधावरून जाते, पण पाणी प्यायला थांबावं अशी सावली त्यांनाही नाही आणि आम्हालाही नाही.

पोर्तु द मुजे हे गाव मागे पडलं की खरी परीक्षा. द्राक्षमळे, टोमॅटो, पुन्हा द्राक्षमळे. डोंगरावरचं सांतारें शहर लांबूनच दिसायला लागतं आणि चाललं तरी जवळ म्हणून येत नाही. तासन्‌तास एक झाड नाही. आमच्याबरोबर मूळच्या साष्टीच्या एक मावशी होत्या, गोव्यातून येऊन त्यांची हयात इथे गेली. त्या दर थोड्या वेळानं मागे वळून कोंकणीत म्हणायच्या, 'पुता, उदक पी.' त्यांनी तरुणपणी सेंट झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला चालत जाणारे लोक पाहिलेले. 'तेव्हा आंब्याखाली बसायचे,' त्या म्हणाल्या, आणि पुढे बराच वेळ गप्प चालत राहिल्या.

संध्याकाळी एका हॉलमध्ये स्वयंसेवक परिचारिका बसल्या होत्या. कोमट पाण्याचं घमेलं, टॉवेल, कात्री, आयोडिन. माझ्यासमोरच्या बाईंनी जमिनीवर गुडघे टेकले, माझी टाच मांडीवर घेतली, बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसल्या आणि मगच फोडाकडे वळल्या. नाव विचारलं नाही, धर्म विचारला नाही. वारीच्या वाटेवर फुकट चपला शिवून देणारे आणि पाय चेपणारे हात आठवून मला भरून आलं.

आता रस्त्याकडे येतो. फातिमाला उत्तरेकडून येणारे बरेच गट आजही मुख्य रस्त्याच्या कडेनंच चालतात, कारण कॅफे, गावं, झोपायला जागा तिथेच आहेत. मे 2015 मध्ये कोइंब्राजवळ अशाच एका गटात मोटार घुसली आणि पाच जण गेले. निळ्या बाणांच्या आडवाटेनं गाड्यांपासून जीव वाचतो, पण त्या वाटेवर ऊन आहे आणि पाणी विरळ आहे. म्हणून सुरक्षित वाट असूनही माणसं धोक्याच्या रस्त्यावर जातात. नुसती वाट वेगळी काढली म्हणजे ती चालणाऱ्याची झाली, असं होत नाही.

आपल्याकडचा प्रश्न याच्या उलट बाजूचा आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये कार्तिकीला निघालेल्या दिंडीत सांगोल्याजवळ मोटार घुसून सात वारकरी गेले. तेव्हा वाहनं आणि पावलं वेगळी करायलाच हवीत, यावर माझ्या मनात शंका नाही. पालखी मार्गाच्या दुतर्फा वारकऱ्यांसाठी पदपथ करायचं ठरलं, ते योग्यच. पण चौपदरीकरणात जुनी झाडं गेली. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग सुमारे 221 किलोमीटर, तुकाराम महाराज पालखी मार्ग सुमारे 130. एवढ्या लांबीवर उघडा, तापलेला पदपथ असेल तर म्हातारी माणसं सावलीच्या शोधात पुन्हा रस्ता ओलांडतील. 8 नोव्हेंबर 2021 ला भूमिपूजनाच्या वेळी पंतप्रधानांनी लोकांना पदपथालगत सावलीची झाडं लावा आणि पिण्याच्या पाण्याची सोय करा, असं आवाहन केलं होतं. माझ्या मते हे काम आवाहनावर सोडण्यासारखं नाही. डांबराची जाडी जशी कंत्राटात लिहितात, तशी सावलीही कंत्राटातच लिहायला हवी.

'तिकडे बघा किती स्वच्छता' हे वाक्य मात्र मी मान्य करणार नाही. इथे पन्नास-साठ माणसांचा गट पैसे भरून जेवतो आणि झोपतो. आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर लाखो माणसं असतात, आणि वाटेवरची गावं त्यांना भाकरी-पिठलं वाढतात. पोर्तुगालच्या खेड्यांत हे मी पाहिलेलं नाही. फिरती स्वच्छतागृहं वाढवा, पत्रावळीची सक्ती करा, जरूर करा. पण माणसांची ही खाऊ घालण्याची पद्धत गैरशिस्त म्हणून मोजू नका.

म्हणून ग्रुपवर आता मी एकच मागणी लिहितो. पदपथाचा काही भाग तरी मातीचा राहू द्या. अनवाणी चालणारे त्यावरूनच जातील. कडेला वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच लावा, शोभेची झुडपं नकोत. आणि किती रोपं लावली हा आकडा सांगून थांबू नका. पुढची पाच वर्षं त्यांतली किती जगली, हे वाटेवरच्या प्रत्येक ग्रामसभेपुढे दरवर्षी वाचून दाखवा, आणि जिथे मेली तिथे पुढच्या पालखीच्या आत त्याच कंत्राटदाराकडून नवी लावून घ्या.