मोबाईल काढून घेतला, पुढे काय?

यवतमाळच्या बान्सी गावानं २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदी केली. तेव्हापासून चाळीसगावच्या आमच्या नातेवाइकांत अधूनमधून तोच सूर लागतो: आपल्याकडेही हेच करा. लंडनमध्ये राहून मला ही मागणी अर्धीच पटते.

इथे मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी २०१७ मध्ये गेली. नैराश्याच्या जोडीला समाजमाध्यमांवरच्या, स्वतःला इजा करण्याविषयीच्या मजकुराचाही तिच्यावर वाईट परिणाम झाला होता, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. त्यातलं बरंचसं तिनं न मागताच तिच्यापुढे येत होतं. २०२३ च्या इथल्या कायद्यानं असा मजकूर मुलांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. भारतातही ती टाकायलाच हवी.

पण स्वतःला इजा करणाऱ्यांच्या ऑनलाइन ग्रुपांत मुलं जातात कशाला? स्वतःला इजा करणाऱ्या अनेकांना मरायचं नसतं. आत साचलेलं सोसवत नाही, ते घटकाभर उतरावं एवढंच हवं असतं. धोका मात्र खरा असतो. घरात बोलायची सोय नाही, आणि तिथे रात्री दोनलाही कुणीतरी लिहितं, ‘मलाही असंच होतं.’ हा आधार खोटा नसतो. पण तिथेच जखमा लपवायलाही शिकवतात, आणि जास्त दुखावलेल्याला जास्त माया मिळते. मग बरं होणं म्हणजे आपली माणसं सोडणं वाटू लागतं. मला सगळ्यात भीती याची वाटते.

जळगावचा मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. नात्यातली एक मुलगी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून कूलरपुढे बसायची. “काळी पडेल म्हणून घालते,” काकू सांगायच्या. कळलं तेव्हा घरातलं पहिलं वाक्य होतं, “बाहेर बोलू नका, स्थळं येणार नाहीत.” पाठोपाठ मोबाईल कपाटात गेला. तिचं ऐकणारं बरं-वाईट जे कुणी होतं, तेही कुलपाआड गेलं. तिच्याजवळ मात्र कुणी बसलं नाही.

कायद्यानं सगळं सुटतं असंही नाही. इथेही मुलांच्या मानसिक उपचारांसाठी महिनोन्महिने ताटकळावं लागतं. म्हणून घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बाही ओढून पाहू नका, ‘नाटकं करते’ म्हणू नका, शपथा घालू नका. “किती दिवसांपासून त्रास होतोय?” एवढं विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. जखम खोल असेल तर आधी दवाखाना. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. भगताकडे नेण्याआधी तो लावा, आणि फोन तिच्या हातात द्या.