धर्माची व्याख्या करायला बसताय? आधी याद्या काढा

सगळ्यात आधी दोन याद्या काढा, कोण आत पाहिजे आणि कोण काही झालं तरी नको. व्याख्या नंतर. उलटं करायला गेलात तर फसलात म्हणून समजा.

म्हणजे बघा, ‘देवाला मानणं’ एवढंच लिहिलंत की जैन आणि बौद्ध बाहेर, कारण जग घडवणारा देव ते मानत नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ टायलरने १८७१ मध्ये देव काढून नुसतं ‘आत्मिक शक्तींवर विश्वास’ असं ठेवलं, तर भुताला घाबरणारेही आत घुसले. समाजशास्त्रज्ञ डर्खाइमने १९१२ मध्ये दार अजून रुंद केलं: पवित्र वस्तू, त्यांचं सोवळंओवळं आणि ते पाळणारी मंडळी. घ्या! आता झेंडा जमिनीला टेकेल की काय म्हणून धावत सुटलेला माणूस पण त्यात आला, हुतात्मे आणि उभं राहून म्हणायचं गाणं तर आधीपासून आहेच.

एवढं डोकं लावायचं नसेल तर कोर्टावर सोडा, पण मग घाई नको. इंग्लंडमधल्या कोर्टाने १९७० मध्ये सांगितलं की सायंटॉलॉजी या विसाव्या शतकातल्या नव्या पंथाची वास्तू प्रार्थनास्थळ नाही, कारण तिथे देवाची भक्ती होत नाही. पुढे एका मुलीला त्यांच्याच चर्चमध्ये लग्न करायचं होतं, ती भांडत वर गेली आणि २०१३ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, देवाची अट कशाला? आपल्या सुप्रीम कोर्टाने हेच १९५४ मध्ये सांगून टाकलं होतं, पण ते असो.

मराठीत तर अजून मज्जा, एकाच शब्दात सगळं बसतं. पाण्याचा धर्म वाहणं, शेजारधर्म, दानधर्म, केमिस्ट्रीत गुणधर्म. त्यामुळे कोणी कर्मकांडावर बोट ठेवलं की लगेच म्हणायचं, अहो धर्म म्हणजे कर्तव्य, तुम्हाला कळलाच नाही! आणि डोकी मोजायची वेळ आली की तोच धर्म गपचूप रिलिजन करून टाकायचा, कर्तव्य न करणारे पण धरायचे आकड्यात. समोरचा ‘नक्की कुठला अर्थ?’ म्हणाला तर दुखावून घ्या. भावना आहेत शेवटी.

विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ नावाच्या अभ्यासकाने १९६२ मध्ये हा रिलिजन शब्दच टाकून द्या असं सुचवलं होतं. त्याच्या नादी लागू नका, फॉर्मवरच्या त्या रकान्यात मग काय भरणार?