ओल चुन्यामुळे येत नाही

पावसाळा लागला की एक संदेश नातेवाइकांच्या ग्रुपवर हमखास येतो: "जुन्या घराला ओल येते ती चुन्याच्या गिलाव्यामुळे. तो खरवडून सिमेंटचा करा, वरून वॉटरप्रूफ रंग मारा. भिंतीला इंजेक्शन दिलेत तर ओल जन्मात येणार नाही." आमच्या रत्नागिरीकडच्या चिऱ्याच्या घरात यातले इंजेक्शन (भिंतीत भोके पाडून ओल अडवणारे रसायन भरणे) सोडून सगळे करून झाले आहे, म्हणून लिहितो.

"चुना पाणी धरून ठेवतो." धरतो, पण सोडतोही. आमचे चिरे जांभ्याचे, आणि जांभा सच्छिद्र दगड. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी चिऱ्यात चढते, बहुधा कंबरेच्या खालीच राहते आणि चुन्यातून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटने ती वाट बुजते. मग पाणी सुकायला जागा शोधत आणखी वर जाते. आमच्या माजघरात ओल गुडघ्याएवढी होती. सिमेंट केल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कडेला टेकली. गिलावा सुटला तोही चिऱ्याचा पापुद्रा सोबत घेऊन.

"भिंतीवरची पांढरी बुरशी पाण्याने धुवा," असेही त्यात असते. ती बहुतेक वेळा बुरशी नसतेच, लोणा म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार असतो. चिमूटभर पाण्यात टाका. विरघळला तर क्षार. धुतला की तो परत भिंतीत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडावा, पूड घराबाहेर टाकावी.

वॉटरप्रूफ रंगाबद्दल फार बोलायला नको. पाणी मागून येते आणि रंग पुढून. फुगे, मग पोपडे.

एवढ्या लांबलचक संदेशात पाणी येते कुठून, हे मात्र कोणीच विचारत नाही. ओल एप्रिल-मेमध्येही टिकत असेल तर जमीन किंवा फुटका नळ. सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहा; काटा फिरत असेल तर गवंड्याआधी प्लंबर बोलवा. फक्त पावसात आणि वरच्या बाजूला डाग दिसला तर कौल सरकलेय, पन्हळ तुंबलीय किंवा त्या बाजूने झड लागतेय. नुसती हवेतली वाफ गार भिंतीवर धरते आहे असे वाटले तर वीतभर फॉइल चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतलीच.

आमच्याकडे गुन्हेगार अंगणात निघाला. पूर्वी मातीचे, सारवलेले आणि उताराचे अंगण होते. मग ते सिमेंटचे केले, पुढे त्यावर फरशी आली. दर वेळी अंगण चढत गेले आणि जोते बुडत गेले. पागोळ्यांचे पाणी कडक फरशीवरून उडून थेट भिंतीवर. शेवटी भिंतीलगतची दोन फूट फरशी फोडली, मातीची पातळी जोत्यापेक्षा खाली नेली, खडी भरली, उतार बाहेर काढला. खर्च रंगाच्या एका हातापेक्षा कमी आला. हे सांगताना थोडी लाजच वाटते.

इंजेक्शनचे म्हणाल तर ते थोतांड नाही. पण भोकांतले रसायन सलग पसरले तरच थर तयार होतो, आणि आत दगडमातीची भर असलेल्या जाड भिंतीत ते पसरेलच याची खात्री नाही. शिवाय ओल झडीची किंवा नळाची असेल तर त्याचा उपयोग शून्य. सिमेंटशी माझे वैर नाही. आरसीसी इमारतीत ते खुशाल वापरा.

दसऱ्यानंतर माजघराचा सिमेंट गिलावा काढला. चुन्याचा नवा लगेच करणार नाही, आधी भिंत सुकू दे. ढोबळ हिशेब इंचाला एक महिना, आमची भिंत दीड फुटाची. तोवर आल्यागेल्याला उघडे चिरे दाखवतो आहोत.