‘यंत्र १२ टक्के जास्त दाखवतं’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

आमचा वायुमापक ‘शोभेची वस्तू’ आहे असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. कारण असं, की विद्युत-अपघटनात (विजेने पाण्याचं विघटन करताना) तासभर १ अँपिअर प्रवाह दिल्यावर फॅरडेच्या नियमाने (जेवढी वीज गेली, त्या प्रमाणात वायू) ४१८ मिली हायड्रोजन यायला हवा होता आणि यंत्राने ४७० मिली दाखवला. आकडे नीट दिलेत म्हणून उत्तर देता येतंय. तुमचं यंत्र बरोबर मोजतंय.

४१८ मिली हा कोरड्या वायूचा, ०° सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाचा आकडा. तुमची खोली, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, २५ अंशांवर होती. तिथे तोच वायू ४५६ मिली जागा व्यापतो. शिवाय पाण्यातून वर येताना तो वाफ सोबत घेतो. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल, म्हणजे एकूण दाबाच्या साधारण ३ टक्के. ती भर घातली की झाले ४७१. यंत्राचं एक आवर्तन, म्हणजे कक्ष एकदा वायूने भरून रिकामा होणं, १० मिलीचं; तुमची अशी ४७ पूर्ण झाली. उरलेला मिली कक्षातच होता. मेनूत ‘कोरडा वायू, ०°’ निवडलंत तर ही वजावट यंत्रच करतं.

खरं तर या पद्धतीत चूक होते ती उलट्या बाजूला. वायू कक्षातलं पाणी खाली ढकलतो, पातळी खालच्या सेन्सरला आली की व्हॉल्व्ह उघडतो, वायू निघून जातो, पाणी पुन्हा वरच्या खुणेपर्यंत चढतं. तेवढ्या वेळात आलेले बुडबुडे मोजणीबाहेर राहतात, म्हणून प्रवाह फार वाढवलात तर आकडा कमी येईल. जास्त यायला कक्षच १० मिलीहून लहान हवा. शंका असेल तर दोन खुणांमधलं पाणी काढून वजन करा. २५ अंशांना ९.९७ ग्रॅम भरेल.

‘त्यापेक्षा बुडबुडे मोजणारा सेन्सर बरा’ हे मात्र पटत नाही. बुडबुड्याचा आकार नळीच्या तोंडावर आणि पृष्ठताणावर ठरतो. पाण्यात साबणाचा अंश गेला की बुडबुडे लहान होतात, संख्या वाढते, वायू तेवढाच.

पुढे कार्बन डायऑक्साइड मोजणार आहात, तेव्हा साधं पाणी भरू नका. २५ अंशांना १ लिटर पाणी पाऊण लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं. थोडं आम्ल घातलेलं, मिठाने संपृक्त पाणी वापरा आणि काम झालं की कक्ष व सेन्सर धुऊन ठेवा. मीठ साचलं, तर पुढच्या तक्रारीत तथ्य असेल.