फुटलेला सीएफएल, परळीचं धुराडं आणि दिवाळीतला मेसेज

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, माळ्यावरचे जुने दिवे खाली आले, की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा: सीएफएल फुटला तर त्यातल्या पाऱ्याने खोलीतली माणसं दगावू शकतात. सरकारने साधा पिवळा बल्ब बंद करून हे विष घरोघरी सक्तीने घुसवलं. वीज वाचते ही थाप आहे. एलईडीही तितकाच विषारी. यावर कसलाही कायदा नाही. तेव्हा जुना बल्बच लावा आणि दहा जणांना पुढे पाठवा. सोबत चिघळलेल्या पायाचा एक फोटो.

माणसं दगावण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचा मेसेज त्याच भीतीवर चालतो. सीएफएलमध्ये पारा असतो, यात वाद नाही; पाऱ्याच्या वाफेतून वीज गेल्याशिवाय तो पेटतच नाही. पण किती असतो, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. ३० वॅटच्या आतल्या घरगुती सीएफएलला आपल्याकडे २.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जुन्या दिव्यांत पाचेक मिलिग्रॅम असायचा. ताप बघायच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत पारा असतो, म्हणजे निदान शंभर पट. आणि ट्यूबलाइट? तिच्यातही पाराच, जुन्या जाड ट्यूबमध्ये तर सीएफएलपेक्षा जास्त. ती पन्नास वर्षं आपल्या बैठकीत, शाळेत, लग्नाच्या मांडवात लटकते आहे. जत्रेत अंगावर ट्यूबलाइट फोडण्याचे खेळ होतात, लोक टाळ्या वाजवतात. तिच्याबद्दल मेसेज कधी आला नाही.

याचा अर्थ फुटलेला सीएफएल झाडूने लोटून मोकळं व्हावं, असा नाही. पाऱ्याची वाफ वाईटच, रांगत्या लेकराला आणि गरोदर बाईला जास्त. खिडक्या-दारं उघडा, पंखा-कूलर बंद करा, दहा मिनिटं सगळ्यांनी बाहेर थांबा. मग काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचला, शेवटी ओल्या कागदाने पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला तर भुकटी घरभर उडते. एवढं केलं की झालं.

फोटोतल्या पायाचं मी सांगू शकत नाही. फोटो कुठला, कधीचा, कळायला मार्ग नाही. पण ट्यूबच्या काचेने झालेली जखम भरत नाही, या समजुतीला एक जुनं कारण आहे. १९४० च्या दशकापर्यंत ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या भुकटीत बेरिलियम नावाचा विषारी धातू वापरायचे आणि त्याच्या जखमा खरोखरच लवकर भरत नसत. अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९४९ मध्ये ते सोडून दिलं. पदार्थ गेला, भीती मागे राहिली.

सरकारने साधा बल्ब बंद केला, हे तर मोंढ्यातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन तपासता येतं. देशभर लागू असलेली अशी बंदी नाही. कुक्कुटपालनवाले आजही पिल्लांना ऊब द्यायला शंभर-दोनशे वॅटचे पिवळे बल्बच नेतात आणि त्यांचं बरोबर आहे. त्या बल्बला दिलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेत जाते. पिल्लांना तीच हवी असते, आपल्याला स्वयंपाकघरात नको असते. सरकारने जे केलं ते दुसरंच. २००९ च्या बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब देऊन पंधरा रुपयांत सीएफएल मिळायचा. ५ जानेवारी २०१५ ला एलईडीची योजना आली, पुढे तिलाच उजाला म्हणू लागले. सरकारी कंपनी एकगठ्ठा खरेदी करायची, त्यामुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा एलईडी २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. सक्ती असलीच तर ती विकणाऱ्यावर: १ जानेवारी २०१८ पासून एलईडी बल्बवर बीईईचा (केंद्राच्या ऊर्जा-बचत संस्थेचा) स्टार असणं बंधनकारक आहे.

वीज वाचते की नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर वर्षाला सुमारे ११० युनिट. तेवढाच उजेड देणारा १४ वॅटचा सीएफएल २५-२६ युनिट. नऊ वॅटचा एलईडी सोळा-साडेसोळा. आता हा हिशोब परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यापर्यंत नेऊ या, कारण पाऱ्याची खरी गोष्ट तिथे आहे. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि त्या कोळशातही पारा असतो, किलोमागे साधारण एक-दशांश मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे पिवळ्या बल्बऐवजी सीएफएल लावून वर्षाला जी ८४ युनिटं वाचतात, त्यांच्यासाठी पन्नासेक किलो कोळसा जाळावा लागला असता. त्यात पाच मिलिग्रॅमच्या घरात पारा. एका वर्षात, एका बल्बमागे, सीएफएलमध्ये आहे त्याहून जास्त. त्यातला काही धुरातून जातो, काही राखेत उतरतो. परळीच्या आजूबाजूच्या गावांना राखेबद्दल मी काय सांगणार?

आणि पाणी. २०१५ मध्ये पाणी पुरवणारा खडका बंधारा आटला म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्याच २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी नवे नियम काढले. धुरातल्या पाऱ्याला घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा, आणि जुन्या केंद्रांनी युनिटमागे साडेतीन लिटरच्या वर पाणी वापरायचं नाही. त्या दराने धरलं तरी एका पिवळ्या बल्बच्या जागी एलईडी लावल्यावर वर्षाला सव्वातीनशे लिटर पाणी वाचतं. टँकरच्या रांगेत ज्याने घागर भरली आहे त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

एलईडीच्या विषाबद्दल थोडक्यात. त्यात पारा नाही. आर्सेनिक असतं ते टीव्हीच्या रिमोटमधल्या किंवा लाल एलईडीत, तेही स्फटिकात बांधलेलं. पांढरा उजेड देणारा घरातला एलईडी गॅलियम नायट्राइडचा असतो, त्यात आर्सेनिक नाही. शिशाचं म्हणाल तर ज्या जुन्या बल्बला मेसेज निर्विष म्हणतो, त्याच्या बुडाशी सोल्डरचा जो ठिपका असतो तो शिशाचाच असायचा. ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडात आपल्या वराती निघाल्या, त्यांच्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, चक्क किरणोत्सारी. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, एवढंच.

एलईडी दोन महिन्यांत जातो, ही जोडीला येणारी तक्रार मात्र खोटी नाही. आठवडी बाजारात वीस-तीस रुपयांना मिळणारा बिननावाचा बल्ब, त्यात संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की गटांगळ्या खाणारं व्होल्टेज. तो टिकणार कसा? खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आणि स्टार बघा, नसेल तर घेऊ नका.

राहिला कायदा नसल्याचा मुद्दा. कायदा आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ ला लागू झाले, पण त्यात सीएफएल नव्हता. तो आला १ ऑक्टोबर २०१६ पासून. नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून आहेत. त्यांत शिसं, पारा यांना मर्यादा आहेत आणि वापरलेला माल परत गोळा होऊन नीट निकालात निघेल, ही जबाबदारी कंपनीवर आहे. आता तारखा जुळवून बघा: पंधरा रुपयांचे सीएफएल वाटायला सुरुवात २००९ ला, ते परत घ्यायचा नियम २०१६ ला. मधल्या सात वर्षांत गेलेले दिवे कुठे गेले? उकिरड्यावर. मेसेजवाल्याला सरकारवर चिडायचंच होतं, तर चिडायची जागा ही होती.

आणि नियम आल्यावर तरी काय? आपल्या तालुक्याच्या गावात जुना सीएफएल घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. घंटागाडीत ओला, सुका एवढंच. ट्यूबच्या टोकांच्या अॅल्युमिनियमसाठी भंगारात त्या फोडल्या जातात, शेकड्याने, बंद शेडमध्ये, हातमोज्यांशिवाय. घरात एक दिवा फुटणं आणि दिवसभर त्या भुकटीत बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाऱ्याने कोणाचं आयुष्य कमी होत असेल तर ते त्या शेडमधल्या माणसाचं, आणि त्याच्यापर्यंत हा मेसेज पोचत नाही.

पुढे हे वाढणार आहे. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्या करारातल्या देशांनी घरगुती सीएफएलचं उत्पादन २०२५ पर्यंत आणि ट्यूबलाइटचं २०२७ पर्यंत थांबवायचं ठरवलं आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा, तहसील कचेऱ्या, बँका, दवाखाने इथल्या ट्यूबा थोकाने खाली उतरतील. त्या काढायचं टेंडर निघेलच. त्या टेंडरमध्ये काढलेल्या ट्यूबा कुठल्या परवानाधारक केंद्राकडे जाणार याची अट आहे का, हे नगरपालिकेत आणि जिल्हा परिषदेत विचारा. ग्रुपवर पाठवायचंच असेल, तर तिथून मिळालेलं उत्तर पाठवा.