पदवी घेतली, जन्म बाकी

प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर असा असतोच ज्याच्यावर सेलोटेपने कागद चिकटवलेला असतो, 'बंद करू नये'. कागद पिवळा, सेलोटेप त्याहून पिवळी. आमच्या संस्थेची मुंबईत पाच कॉलेजं, त्यामुळे असे कॉम्प्युटर पण पाच, आणि पाचही ठिकाणी एकच सॉफ्टवेअर, डॉसवालं फॉक्सप्रो 2.6, निळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउस लागत नाही आणि लावला तरी त्याला कोणी विचारत नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा सपोर्ट 2015 मध्ये कायमचा बंद केला, तो पण विंडोजवर चालणाऱ्या शेवटच्या व्हर्जनचा, आमचं त्याच्याही कितीतरी आधीचं. ही बातमी आमच्या ऑफिसात पोचलीच नाही. पोचली असती तरी हेडक्लार्क काका म्हणाले असते, आपण कुठे त्यांना फोन करत होतो.

खरं सांगायचं तर चाललेलं छान. बोनाफाईड मागा, काका न बघता एंटर एंटर एफ10 करणार, डॉट मॅट्रिक्स करकरणार, चहा थंड व्हायच्या आत कागद हातात. पण आता सरकारला प्रत्येक पोराचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांची जमा, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी) पाहिजेत. 2021 पासून ही बँक आहे, प्रत्येकाचा 12 आकडी आयडी, आणि कॉलेजने डेटा ऑनलाइन चढवायचा. आमचा डेटा ऑनलाइन जायचं सोडा, ऑफिसातून स्टाफरूमपर्यंत यायचा तरी वांधे, कारण त्या कॉम्प्युटरला यूएसबीच नाही. आधी फ्लॉपीवर घ्या, मग फ्लॉपी वाचणारा दुसरा म्हातारा कॉम्प्युटर शोधा, मग पेनड्राइव्ह, म्हणजे भांडुपहून चर्चगेटला जाताना दादरला गाडी बदलावी लागते तसं. त्यात 2024-25 पासून एनईपी, म्हणजे नवं शिक्षण धोरण, मग विषयांचे नवे गट, मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, एवढे कॉलम बघून फॉक्सप्रो नाही पण काकाच म्हणाले, सर, आता बदलूया.

मी टीवायबीकॉमला कॉम्प्युटर सिस्टिम्स शिकवतो. एवढ्यावरून मॅनेजमेंटने मला पाचही कॉलेजांचा नोडल ऑफिसर केलं. नोडल ऑफिसर म्हणजे ज्याचा पगार वाढत नाही, फक्त फोन वाढतात.

नवं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीने डेमो दिला. त्यात सगळी पोरं फर्स्ट क्लास होती, कोणालाच एटीकेटी नव्हती आणि सगळ्यांनी फी वेळेवर भरलेली. एक्झाम सेक्शनच्या मॅडम मागे बसून माझ्या कानात म्हणाल्या, हे कॉलेज कुठे आहे हो, मी ट्रान्सफर मागते. डेमो संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, की वार्षिक पॅटर्नला राहिलेला पोरगा मग 60:40, मग 75:25 (लेखी आणि इंटर्नल मार्कांची वाटणी), मग सात पॉइंट, मग दहा पॉइंट ग्रेडिंग असं करत करत आता पेपर द्यायला आला तर त्याचा फॉर्म कुठल्या स्क्रीनवर भरायचा. सेल्सवाले साहेब म्हणाले, मॅम, अशी केस रेअर असते. मॅडमनी पर्समधून यादी काढली.

मग डेटा हलवायला एक पोरगा आला. नाशिकचा, ऐरोलीला पीजीत राहणारा, गुणी एकदम, पण त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं की मुंबई युनिव्हर्सिटीत नाव म्हणजे चार शब्द. आडनाव, नाव, वडलांचं नाव, आईचं नाव. नव्या सॉफ्टवेअरला फर्स्ट, मिडल, लास्ट आणि सफिक्स एवढंच माहीत. सफिक्स म्हणजे ज्युनिअर, सीनिअर असलं लिहायची जागा. तिथे आमच्या पाच कॉलेजांतल्या तमाम आया जाऊन बसल्या, सुनीता, मंगल, शबाना, फिलोमिना. आणि पहिला शब्द तो फर्स्ट नेम असं धरल्यामुळे अख्ख्या एफवायला मेसेज गेला, डिअर पाटील. डिअर शेख. डिअर डिसोझा. पोरं म्हणाली सर, एवढ्या आदराने तर एनसीसीवाले पण हाक मारत नाहीत.

हे किरकोळ. खरा लोच्या पुढे.

युनिव्हर्सिटीचं रिझल्टचं गॅझेट ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत असेल, मुलीच्या नावाआधी एक तिरकी रेघ असते. रेघ म्हणजे मुलगी. तसंच हॅश म्हणजे ऑर्डिनन्स, म्हणजे युनिव्हर्सिटीचा नियम, नंबर 229 चे मार्क, ॲट द रेट म्हणजे 5042 चे ग्रेस, स्टार म्हणजे 5045, ही सगळी चिन्हं आमच्या ऑफिसात लोक बाराखडीसारखी वाचतात. तर आमचं फॉक्सप्रो ज्याने लिहिलं (तो म्हणे इथल्याच एका सरांचा भाचा, नंतर दुबईला गेला) त्याने जेंडरचा कॉलमच ठेवला नव्हता. कशाला ठेवायचा, रेघ आहे ना. नाशिकच्या पोराने शुक्रवारी संध्याकाळी डेटा क्लीनिंग नावाचा प्रोग्राम सोडला, क्लीनिंग म्हणजे नावात अक्षरं सोडून जे काही दिसेल ते उडवायचं, आणि ट्रेन पकडून गेला. शनिवारी सकाळी पाच कॉलेजांत मिळून एकही मुलगी नाही. आमचं एक कॉलेज तर फक्त मुलींचं आहे, त्याचा रिपोर्ट आला, एकूण विद्यार्थी अमुक, पैकी विद्यार्थिनी शून्य. प्रिन्सिपल बाईंनी मला फोन करून शांतपणे विचारलं, सर, मग सकाळपासून हा आवाज कोणाचा येतोय?

हसून सोडून देण्यासारखं पण नव्हतं. राज्य सरकारने 2024 पासून प्रोफेशनल कोर्सच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची फी माफ केलीय, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. एक रेघ पुसली की माफी गेली. म्हणून परत फ्लॉपी, परत दादर, रेघा परत आणल्या. मुली परत आल्या. पण काकांचा चेहरा काही खुलेना. म्हटलं, काका, आता काय राहिलं? म्हणाले, सर, टिंबं कुठे गेली?

कुठली टिंबं?

मग काकांनी खुर्ची ओढून मला बसवलं आणि जे सांगितलं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. आडनावापुढे एक टिंब, फी हप्त्याने भरणार. दोन टिंबं, कमिटीवर कोणीतरी ओळखीचं आहे, खिडकीवर आवाज चढवायचा नाही. पत्त्याच्या शेवटी डॅश, ओरिजिनल मार्कशीट अजून आलेली नाही. आणि वडलांच्या नावानंतर दोन स्पेस असतील तर वडील वारलेत, परीक्षा फीसाठी तगादा लावायचा नाही, नाव न घेता स्टाफ फंडातून भरायची. मी म्हटलं, अहो, टिंब समजू शकतो, पण स्पेस? स्पेस माणसाला दिसणार कशी? काका म्हणाले, कर्सर जरा लांब जातो ना.

नाशिकच्या पोराने मोबाइलमधून मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने काही लिहून घेतलं.

त्यानंतर मेलेली माणसं उठली. म्हणजे मेलेली नाही, ॲडमिशन कॅन्सल केलेली. फॉक्सप्रोमध्ये रेकॉर्ड डिलीट केलं की ते जात नाही, त्याला नुसती खूण लागते आणि ते दिसेनासं होतं. खरोखर घालवायचं असेल तर पॅक म्हणून वेगळी कमांड द्यावी लागते. ती आमच्याकडे कधी कोणी दिलीच नव्हती. दिली आणि काही झालं तर? त्यामुळे आजवर ज्यांनी ज्यांनी दोन दिवस आमच्याकडे ॲडमिशन घेऊन दुसऱ्या लिस्टला दुसरीकडे कल्टी मारली होती ते सगळे खुणेसकट नव्या सॉफ्टवेअरमध्ये आले, तिथे त्या खुणेला कोण ओळखतंय, ते झाले रेग्युलर स्टुडंट. आणि ज्यांचे मोबाइल नंबर होते त्यांना ऑटोमॅटिक मेसेज, आपली उपस्थिती 0 टक्के आहे, 75 टक्के आवश्यक, पालकांना घेऊन त्वरित भेटावे. बंगळुरूहून एकाचा फोन आला. म्हणाला, सर, बाबांना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, माझा मुलगा सिनिअर केजीत आहे, त्याला घेऊन आलो तर चालेल का?

आणि जन्मतारखा. जुन्या सिस्टिममध्ये वर्षाचे दोनच आकडे. 1999 च्या डिसेंबरला वायटूकेची, म्हणजे 2000 साल उजाडलं की कॉम्प्युटर गोंधळणार अशी, हवा होती तेव्हा त्या भाच्याने दुबईहून फोनवर सांगून एक ठिगळ लावून घेतलं होतं, की आकडा 50 च्या खाली असला तर 2000 मधला धरायचा. तेव्हा एकदम सुटसुटीत. पण आमचं लॉ कॉलेज आहे, आणि लॉ कॉलेजला रिटायर झाल्यावर एलएलबी करणारे आजोबा दर वर्षी असतात. जन्म 34 साल. नव्या सॉफ्टवेअरने हिशोब केला, जन्म 2034. म्हणजे पदवी घेऊन झाली, सनद काढली, जन्म घ्यायचा तेवढा बाकी. सॉफ्टवेअर सारखं लाल अक्षरात सांगत होतं, स्टुडंट इज अंडरएज. हे बघायला मूळ रजिस्टर काढावं तर जुनी जनरल रजिस्टरं तळमजल्यावर होती आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस पडला तेव्हा आमच्या तळमजल्याचं काय झालं ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. शेवटी काकांनी त्या आजोबांच्या घरी फोन लावला. नव्वदीचा माणूस, आवाज खणखणीत. सगळं ऐकून म्हणाले, लेखी द्या, मी कोर्टात जातो.

कॅटेगरीच्या कॉलमला जुन्या सिस्टिममध्ये तीनच इंग्रजी अक्षरं. ओबीसी बसतं, एसबीसी बसतं, एनटीचे प्रकार बसतात, ईडब्ल्यूएस नशिबाने बसलं. एसईबीसीतला सी बाहेर पडला आणि उरलं एसईबी. नवीन सॉफ्टवेअरच्या हेल्पलाइनवरची बाई विचारते, सर, इलेक्ट्रिसिटी बोर्डाचा कोटा आहे का तुमच्याकडे?

रेल्वे कन्सेशनचं तर विचारू नका. स्टेशनांच्या जुन्या यादीत व्हीटी होतं, एल्फिन्स्टन रोड होतं, राम मंदिर नव्हतं, पण खिडकीवरच्या मामांना सगळं पाठ, ते फॉर्मवर एल्फिन्स्टनचं पेनाने प्रभादेवी करून शिक्का मारायचे आणि स्टेशनवरचा बुकिंग क्लार्क पण समजून घ्यायचा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या भारताची स्टेशनं. वरून खाली स्क्रोल करत मामांनी दादर समजून क्लिक केलं, छापून आलं दादरी ते भांडुप. दादरी उत्तर प्रदेशात. आणि पोरगा तेवढ्यात मामांना विचारतो, फर्स्ट क्लासचा मिळेल का, लांबचा प्रवास आहे.

गो-लाइव्हची, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करायची, तारीख कंपनीने ठरवली ती ऐन गणपतीतली. मी सांगून बघितलं. मुंबईत कुठलंही ऑफिस असो, गणपतीत निम्मं ऑफिस कणकवलीच्या आसपास असतं. पण वरून प्रेशर, तारीख फिक्स. ॲडमिनचा ओटीपी जायचा काकांच्या नंबरवर, आणि काका गेले गावी, जिथे घरात रेंज नाही, रेंज वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर. ओटीपी दहा मिनिटं चालतो आणि सडा चढायला काकांना वीस. शेवटी त्यांनी पुतण्याला मोबाइल देऊन सड्यावर बसवलं. मी इथून लॉगिन दाबायचो, तो तिथून फोन करून आकडे सांगायचा, मागे झांजांचा आवाज, मध्येच म्हणायचा, सर थांबा, आरती चाललीय. या सगळ्या प्रोजेक्टमध्ये दिलेली वेळ पाळणारा तो एकटाच माणूस.

तर सिस्टिम चालू झाली. खरंच झाली, उगाच कशाला खोटं बोला. क्रेडिट चढतात, एबीसीवर दिसतात, मार्कशीटवर नाव आणि आधारवर नाव जुळलं नाही तर सॉफ्टवेअर आधीच बोंबलतं, जे पूर्वी डिग्रीच्या वेळी कळायचं. जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे, पण फक्त 'पॅरलल रन' म्हणून, म्हणजे नव्याच्या जोडीने काही दिवस, असं आम्ही मॅनेजमेंटला सांगतो. नाशिकचा पोरगा दुसऱ्या कंपनीत गेला.

एकाच गोष्टीचा मला संशय यायला हवा होता, की काकांनी टिंबांची तक्रार करायचं एकदम बंद कसं केलं. ते कळलं परवा. एनएसएसच्या सरांनी रक्तदान शिबिरासाठी नव्या सिस्टिममधून ब्लड ग्रुपची यादी काढली आणि ब्लड बँकेला पाठवली, तर तिकडून लगेच फोन, अहो, आपल्याकडे शंभरात एखादा सापडायची मारामार, तुमच्या एका कॉलेजात एबी निगेटिव्हची एवढी पोरं कशी? मी यादी घेऊन काकांकडे गेलो. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, बरोबर आहे की सर, हे सगळे हप्तावाले. त्या ब्लड बँकेवाल्यांना म्हणावं दिवाळीनंतर फोन करा, दुसरा हप्ता भरला की मी यांना ओ पॉझिटिव्ह करतो.