दोन क्विंटल कापूस, साठ ग्रॅम माउस

गेमिंग माउस घ्यावा की नाही, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. ज्याला घ्यायचा नसतो त्याला हा प्रश्नच पडत नाही. तेव्हा आता माघार नको. जळगावात असाल तर गोलाणी मार्केट गाठा, धुळ्यात असाल तर आग्रा रोड, शहाद्या-तळोद्याकडचे असाल तर घरबसल्या मागवा. पण टेबलावरच्या त्या अडीचशे रुपयांच्या माउसवर आणखी एक रात्रही खेळू नका. काल तुम्ही हरलात ते त्याच्यामुळेच. समोरचा पोरगा आपल्यापेक्षा बरा खेळतो, ही शंका मनात आणायचीच नाही. त्यानं आपली झोप जाते आणि दुकानदाराचं गिऱ्हाईक.

आधी एक किरकोळ बाब. तुम्ही खेळता कशावर? आपल्याकडची पुष्कळ पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळतात, आणि तिथं माउसचा काडीचा उपयोग नाही. पण म्हणून काय झालं? आधी माउस घ्या, मग त्याला शोभेल असा कॉम्प्युटर, मग कॉम्प्युटरला शोभेल अशी खुर्ची. एवढं झालं की 'पोरगं कॉम्प्युटरचं काहीतरी करतंय' असं घरातलेच चारचौघांत सांगू लागतात.

आता डबा बघा. त्यावर सगळ्यात ठळक आकडा छापलेला असतो तो डीपीआयचा. माउस एक इंच सरकवला तर तो किती बिंदू मोजतो, त्याचं हे माप. साधा माउस ८००, १,०००, फार तर १,२०० वर भागवतो. भारीतले २६,०००, ३०,००० आणि त्याच्याही पुढे गेलेत. घ्या तोच. २६,००० वर ठेवून हात एक इंच हलवलात की फुल एचडी स्क्रीनची १,९२० पिक्सेलची रुंदी बाण साडेतेरा वेळा ओलांडेल. शिंक आली तर तो शोधायला घरातली माणसं लावावी लागतील. स्पर्धांमध्ये पैसे घेऊन खेळणारे बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० च्या दरम्यान, त्यातही बरेच जण ८०० वर खेळतात, असं कुणी सांगितलं तर म्हणा, त्यांना अजून आपल्यासारखा माउस मिळाला नसेल. ८०० वर स्क्रीन पार करायला हात अडीच इंच सरकवावा लागतो. एवढी मेहनत करायची तर शेतातच नसतो का गेलो?

विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची एक टिकमार्क मुळातच लावलेली असते. तिच्यामुळे हात जोरात हलवला की बाण जास्त पळतो, हळू हलवला की कमी, आणि हाताला नेम बसत नाही. ती काढली की जुन्या माउसवरही फरक जाणवतो. पण ते फुकटात होतं, म्हणून त्यात काही राम नाही.

खरी गंमत पोलिंग रेटमध्ये आहे. इथं जरा बसून घ्या. माउस आपली जागा कॉम्प्युटरला सेकंदाला किती वेळा कळवतो, तो हा दर. साधा यूएसबी माउस १२५ वेळा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंग माउस १,००० वेळा, दर मिलिसेकंदाला. नवे तर ८,००० वेळा. म्हणजे एवढाले पैसे मोजून तुम्ही जास्तीत जास्त सात-आठ मिलिसेकंद वाचवलेत. अभिनंदन. आता ते जातात कुठं ते बघू. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. तो नवं चित्र दाखवणार सुमारे १७ मिलिसेकंदांनी. माउस धापा टाकत आला आणि दारातच उभा. तिथून सुटला तर पुढं वायफाय, दोन भिंती, मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट आणि त्यावर ठेवलेला राउटर. राउटरच्या पुढं मुंबईचा सर्व्हर, म्हणजे गेम जिथून चालतो तो कॉम्प्युटर. जळगाव ते मुंबई रेल्वेनं ४२० किलोमीटर, आणि फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. कागदावर हा दोन-सव्वादोन मिलिसेकंदांचा प्रवास. पण त्याच वायफायवर ताई सिरियल बघत असते, धाकटा रील्स बघत असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला पासवर्ड कुणी दिला हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, ६० चा ९० होतो, ९० चा १८०. शेवटी उरता तुम्ही. डोळ्यानं बघून बोट दाबायला धडधाकट माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. शेवभाजी चापून बसला असाल तर तुमचं तुम्ही बघा.

आणि मग लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखा असतो, बल्ब असतो, देव्हाऱ्यातला दिवासुद्धा असतो. राउटर नसतो. कारण तो जोडायचा तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं लागतं, दोन-पाचशे रुपये जातात, आणि एवढा फालतू खर्च आपल्याला परवडत नाही.

८,००० हर्ट्झचाच घ्यायचा हट्ट असेल तर अवश्य घ्या. जुन्या प्रोसेसरवर एवढे निरोप सोसताना गेमच अडखळायला लागतो. तरी तो आकडा दोस्तांना सांगताना अडखळत नाही.

वजनाचं काय? साधा माउस असतो ८०-१०० ग्रॅमचा. गेमिंगवाल्यांनी तो खरवडत खरवडत ६० ग्रॅमवर आणि त्याच्याही खाली आणलाय. हा एकच बाजार असा की माल जितका कमी तितका भाव जास्त. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. चांगला हलका वायरलेस माउस पंधरा-सोळा हजारांना पडतो. म्हणजे दोन क्विंटल कापूस द्यायचा आणि साठ ग्रॅम प्लॅस्टिक घ्यायचं. तोही हमीभाव मिळाला तर. व्यापारी ओलावा दाखवून जे कापतो, त्यात माउसची वायर येईल.

वजन घटवायला काही कंपन्या वरच्या कवचाला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पाडतात. खान्देशात राहणाऱ्या माणसानं तर हाच नमुना घ्यावा. एप्रिल-मे मध्ये वावटळ आली की खिडकीच्या फटीतून येणारी धूळ आता वाया जाणार नाही. घरात कापूस साठवलेला असेल तर तंतूही जातील. शिवाय भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत तळहाताचा घाम थेंबाथेंबानं थेट सर्किटवर पोचायची सोय झाली. ज्यांना भोकं नकोत त्यांनी बाजूला रबराचं आवरण असलेला घ्यावा. दोन उन्हाळे गेले की ते विरघळल्यासारखं चिकट होतं आणि माउस हातातून सुटायची भीती कायमची मिटते.

रंगीत दिव्यांबद्दल फार बोलायला नको. १ कोटी ६८ लाख रंग असतात, आणि खेळताना त्यावर तुमचाच पंजा असतो.

१९६४ मध्ये डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशनं पहिला माउस घडवला, तो लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाकं, वर एक बटण. १९७० मध्ये पेटंट मिळालं, पण एंगलबार्टच्या हाती रॉयल्टीचा रुपया पडला नाही. पैसा माउस शोधण्यात नव्हताच, त्याला दिवे लावण्यात होता.

बटणांवरून आठवलं. अंगठ्याजवळ बारा बटणं असलेलेही माउस मिळतात, ते लांबलचक जादूटोण्याच्या ऑनलाइन खेळांसाठी असतात. तुम्ही तसले खेळ खेळत नसलात तरी घ्या. दोन बटणांवर कॉपी आणि पेस्ट बसेल. उरलेली दहा अंगठा चुकून लागला की काय होतं, हे बघण्याच्या कामी येतील.

आता क्लिक. डब्यावर लिहिलेलं असतं, स्विचचं आयुष्य पाच कोटी क्लिक. रोज दहा हजार क्लिक केलेत तरी पाच हजार दिवस, म्हणजे साडेतेरा वर्षं. पोराचं लग्न होईल, माउस तसाच राहील, असा हिशोब मीही केला होता. दुसऱ्याच वर्षी तो एकदा दाबला की दोनदा लागायला लागला. आत एक बारीक वाकवलेली पत्री असते. तिचा ताण कमी झाला, टोकावर काट चढली की ती टेकताना थरथरते, आणि कॉम्प्युटर ते दोन क्लिक धरतो. पत्रीऐवजी प्रकाशाचा किरण वापरणाऱ्या ऑप्टिकल स्विचला हा रोग होत नाही. साधा स्विच मोबाइल रिपेरिंगवाला किरकोळ पैशात काढून नवा सोल्डर करून देतो. या दोन्ही गोष्टी ज्याला आधी कळतात तो दुसरा माउस घेत नाही. तेव्हा तुम्हाला कळल्या नाहीत असं धरून चालू.

घरी आणायची रीत मात्र नीट शिकून घ्या. दुपारी आणा, आप्पा झोपलेले असताना. तरी ते उठतील, डबा हातात घेऊन उलटासुलटा करतील आणि विचारतील, "हाई काय शे?" माउस म्हणायचं. "कितलाना शे?" इथं घाई करायची नाही. किमतीतलं एक शून्य मनातल्या मनात खोडायचं आणि राहिलेला आकडा कुरकुरत सांगायचा, जणू तोही जास्तच झाला. पंधराशे. तरी आप्पांचा चेहरा असा होईल की खरा आकडा पावतीसकट कपाटाच्या मागे टाकावा. पावती फाडू मात्र नका. वॉरंटी तिच्यावर असते. ती हवी तेव्हा सापडत नाही, हा भाग वेगळा.

दुकानात 'जरा हातात धरून बघू का?' असं चुकूनही विचारायचं नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा त्याचे दात बघतो, टापा उचलून बघतो, रेवाळ चाल बघितल्याशिवाय पैशाला हात लावत नाही. पण ती झाली जुनी माणसं. माउस डब्यावरच्या चित्रावरूनच घ्यायचा. पंजा मोठा आणि माउस लहान निघाला की मनगट दुखतं, आणि मनगट दुखणाऱ्या पोराला कापूस वेचायला कुणी बोलवत नाही. दुकानदार दीड-दोन हजारांचा वायरवाला दाखवेल. म्हणेल, याचाही सेन्सर चांगला आहे भो, हाताला बसतोय तर घेऊन टाक, खेळात फरक कळायचा नाही. असल्या दुकानात परत पाऊल ठेवू नका. त्याला धंदा करता येत नाही.

पहिल्या रात्री तुम्ही हराल. टेबलावर घासल्यामुळे सेन्सर गोंधळतो, तेव्हा मोठा माउसपॅड घ्या. दुसऱ्या रात्री मॉनिटरचं नाव पुढं करा, तिसऱ्या रात्री नेटचं. हेडफोन अजून हाताशी राखून ठेवा, पुढच्या महिन्यात लागेल.

आणि घरच्यांनाही या गुंतवणुकीचा लाभ मिळू द्या. केळीच्या फळपीक विम्याची शेवटची तारीख आली की आप्पा रात्री साडेअकराला तुमच्या त्या भारी खुर्चीत येऊन बसतात. सातबारा, बँक पासबुक, आधार सगळं मांडीवर. पोर्टल गोल गोल फिरत असतं. तुमचा माउस सेकंदाला हजार वेळा आपली जागा कळवत असतो, पोर्टलला अजून आप्पांचं गावही उघडता आलेलं नसतं. ओटीपी येतो, त्याची मुदत संपते, दुसरा येतो. अखेर बाराला पाच कमी असताना 'सबमिट'चं बटण उजळतं. आप्पा चष्मा सारखा करतात, नेम धरतात आणि एकदाच, अगदी हलक्या हातानं क्लिक करतात. माउस दोनदा करतो. स्क्रीनवर उमटतं, 'आपला अर्ज यापूर्वीच प्राप्त झालेला आहे.' आप्पा तुमच्याकडे बघतात. बिचकू नका. सांगा, एवढा फास्ट माउस आख्ख्या गावात कुणाकडे नाही.